जयरामकाकांची पांढर

काकीचा फोन आला तेव्हा मी कामावर, आत होते. आमच्या खोलीत मोबाइल नेत नाहीत, तो बाहेर कपाटात पडून असतो. काचेच्या पलीकडे एक बाई एमआरआयच्या बोगद्यात डोकं घालून झोपल्या होत्या, मशीन धडाधड ठोकत होतं, आणि दोन ठोकण्यांच्या मधे जी शांतता असते तिच्यात मी सवयीने बटन दाबून विचारत होते, बरं आहे ना? परळच्या या हॉस्पिटलात मी हेच करते, गेली कित्येक वर्षं. बाहेर आल्यावर फोन बघितला तर काकीचे एकामागून एक मिस्ड कॉल. कळायचं ते कळलंच. तरी उलट फोन केला. काकी रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "गेले गो बाय. मी चाय पाजी होतंय, आणि गेले."

आता दिवसकार्य होऊनही काही आठवडे लोटले. चाळीत जो भेटतो तो म्हणतो, सुटले बिचारे. मला हा शब्द ऐकला की सणक येते. कोण सुटलं, कशातून सुटलं, आणि तुम्हाला काय माहीत? पण मी गप्प बसते, कारण त्या शब्दाशी माझा जुना हिशेब नाही, अगदी ताजा आहे. तो काय, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

जयरामकाका आमचे कोणी लागत नव्हते. घोडपदेवच्या आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून त्यांची खोली. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि माझे वडील लवकर गेले, त्यामुळे मधली भिंत नावालाच होती. तरुणपणी ते गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर माझगावच्या गोदीत लागले. तिथे खाली उभं राहून वरच्या क्रेनवाल्याला ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. सबंध गोदीच्या खडखडाटात ऐकू जाईल असा आवाज, तोच घेऊन ते घरी यायचे आणि त्याच आवाजात काकीला विचारायचे, मीठ खंय आसा? तिसऱ्या माळ्यावर कळायचं की जयरामच्या आमटीत मीठ कमी पडलंय. तापट, हेकट, स्वतःच्या आवाजावर बेहद्द खूश असलेला माणूस. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय करमायचंही नाही.

या आवाजाचं खरं काम वर्षातून एकदा असायचं. चाळीच्या सत्यनारायणाला गाऱ्हाणं घालायचं ते काकांनीच. गाऱ्हाणं म्हटलं की शहरातल्या माणसाला तक्रार आठवते. आमच्याकडे तळकोकणात गाऱ्हाणं म्हणजे देवाशी चारचौघांत केलेलं उघड बोलणं. एक जण नारळ हातात घेऊन सगळ्यांच्या वतीने मागतो आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी जमलेले सगळे एका दमात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हा होकार पडल्याशिवाय मागणं देवापर्यंत पोचतच नाही, असं काकांचं ठाम मत होतं. गावी हा मान त्यांच्या थोरल्या घराकडे, मुंबईत तो चाळीने त्यांना दिला, आणि तो मान ते असा काही गाजवायचे की शिरा गार व्हायचा पण गाऱ्हाणं आटपायचं नाही. त्यात चिमटेही असायचे. सगळ्यांना आरोग्य मागून झालं, पोरांना नोकऱ्या मागून झाल्या की त्याच सुरात हळूच यायचं, "दुसऱ्या माळ्यावरच्यांका ओले कपडे पिळून वाळत घालूची बुद्धी दे रे म्हाराजा." आणि दुसरा माळाच सगळ्यात मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळा व्हायचा. मग हशा. मला नोकरी लागली त्या वर्षी त्यांनी देवाला सांगितलं की आमच्या बायच्या नाकावरचो राग जरा कमी कर. चाळ, माझ्या सख्ख्या आईसकट, ओरडली व्हय म्हाराजा. मी शिरा न खाता वर निघून गेले. देवाने ते मागणं काही मनावर घेतलं नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल.

गाऱ्हाण्यात एक शब्द हटकून यायचा, पांढर. गावाकडे जमीन दोन जातीची. जिच्यात पिकतं ती काळी आणि जिच्यावर माणसं राहतात, घरं, देऊळ, विहीर, ती पांढर. पांढरीला राखणदार असतो, तो राखतो म्हणून वस्ती राहते. काका चाळीलाही पांढरच म्हणायचे. "ह्या घोडपदेवच्या पांढरीच्या राखणदारा..." अशी सुरुवात असायची. सिमेंटच्या गॅलरीत उभं राहून, समोर दुसऱ्या चाळीची भिंत, आणि हा माणूस खुशाल पांढर म्हणायचा. लहानपणी आम्हाला हसू येई.

त्यांचा आधी आवाज गेला. हात थरथरतो तो पार्किन्सन, एवढंच लोकांना ठाऊक असतं. काकांचा हात खूप नंतर थरथरला. एका वर्षी पूजेला मागच्या रांगेला ऐकू येईना, व्हय म्हाराजा कधी म्हणायचं ते कळेना. पुढचे म्हणायचे, ते ऐकून मागचे म्हणायचे, आणि होकार फाटका यायला लागला. सगळे म्हणाले, वय झालं. पुढच्या वर्षी पोरांनी माइक आणला. काकांनी तो हाताने बाजूला सारला. देव बहिरो नाय, म्हणाले. मग पोरं अंदाजानेच ओरडायला लागली. आणि एकदा असं झालं की काका नुसते श्वास घ्यायला थांबले, आणि अख्खी चाळ ओरडली, व्हय म्हाराजा. काकांनी सगळ्यांकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं, चेहराही तेव्हा गोठायला लागला होता. पुढे उभी होते म्हणून मला ऐकू आलं. "मी अजून काय मागलंयच नाय," म्हणाले. नारळ पाटावर ठेवला आणि खोलीत गेले. त्यानंतर गाऱ्हाणं दुसऱ्याकडे गेलं.

मीच त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. चालताना त्यांचा उजवा हात हलत नव्हता, शिऱ्याचा वास येत नव्हता, जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय चिकटल्यासारखे उभे राहायचे. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी हातपाय पुष्कळ सैल झाले. आवाज काही आला नाही. काकांना मात्र रोगाच्या नावात रसच नव्हता. त्यांचा प्रश्न एकच होता, आणि तो त्यांनी त्या दिवसापासून शेवटपर्यंत सोडला नाही. आवाज गेला तर गेला, म्हणत, पण शब्द राहतील ना? त्यांची आई शेवटी घरातल्यांची नावं विसरली होती, स्वतःचंही विसरली होती. "मी गाऱ्हाणा विसरतलंय काय गो?" जिन्यात, टॅक्सीत, जेवताना, कुठेही विचारायचे. मी वैतागून म्हणायचे, मी काय ज्योतिषी आहे?

मग ते संशोधन आलं. आमच्याच हॉस्पिटलात, माझ्याच मशीनवर. पार्किन्सनच्या माणसांच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागात काय बदल होत जातात, ते दरवर्षी चित्र काढून बघायचं होतं. काकांच्या डॉक्टरांनी त्यांचं नाव सुचवलं. संशोधन करणाऱ्या मॅडम तरुण, पुण्याकडच्या, बोलायला गोड आणि खरोखर चांगल्या. त्यांनी काका-काकींना समोर बसवून शांतपणे सगळं सांगितलं. मेंदूत एक करडा भाग असतो, तिथे पेशी असतात. आणि एक पांढरा भाग, त्यातून त्या पेशींच्या तारा इकडून तिकडे जातात. या आजारात पांढऱ्या भागाचं काय होतं, ते अजून पुरतं कळलेलं नाही. तुम्ही मदत केलीत तर पुढच्या लोकांना उपयोग होईल, तुम्हाला स्वतःला यातून थेट फायदा होणार नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं, मी साक्षीला आहे. काका मान डोलवत होते. मला वाटलं, समजलं. घरी येताना टॅक्सीत ते काकीला म्हणाले, "बाई बरोबर सांगता. माझी पांढर बिघडली आसा."

मी तिथल्या तिथे सांगितलं की काका, पांढरा भाग आणि पांढर यांचा काही संबंध नाही. असलाच तर उलटा. वस्ती करड्या भागात, पांढऱ्यात नुसत्या वाटा. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. वाटा काय काळीतून जातत, म्हणाले. टॅक्सीवाला आरशातून आमच्याकडे बघत होता.

पहिला स्कॅन मला लख्ख आठवतो. खिसे रिकामे केले, कमरेचा चांदीचा करदोटा काकीने कुरकुरत सोडून घेतला, डोक्याभोवती पिंजरा बसवला, कानात बोळे घातले. काही वाटलं तर दाबा म्हणून रबरी चेंडू हातात देतात. तो थरथरत्या हातात दिला आणि मशीन सुरू व्हायच्या आधीच धोक्याची घंटा वाजली. मग दुसऱ्या हातात दिला. मी काचेच्या अलीकडे येऊन बसले, बटन दाबलं आणि विचारलं, काका, बरं आहे ना? आमच्या खोलीत आतल्या माणसाचा आवाज स्पीकरवरून येतो. आतला मायक्रोफोन तोंडाजवळ असतो, बारीकसा आवाजही तो मोठा करून देतो. स्पीकरमधून जयरामकाकांचा आवाज आला. पूर्वीचा, गोदीतला, भरदार आवाज. "व्हय म्हाराजा!" मी दचकलेच. मॅडम हसल्या. किती वर्षांनी ऐकला होता मी तो आवाज... माझे डोळे भरून आले आणि त्याचा मला रागही आला, कामाच्या ठिकाणी मला असलं चालत नाही.

मशीन एक चित्र काढतं, थांबतं, मग दुसरं काढतं. काकांनी त्या थांबण्यात गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. बटन दाबायची गरज नव्हती, स्पीकर चालूच होता. मशीन थांबलं की "बा देवा म्हाराजा...", मशीन सुरू झालं की ते गप्प, परत थांबलं की जिथे सोडलं होतं तिथून पुढे. एकेका खोलीचं नाव घेऊन मागत होते. ज्यांनी अंदाजाने ओरडून त्यांचा पाणउतारा केला त्या पोरांसाठीही मागितलं. दुसऱ्या माळ्याचे कपडेही आले. मग शेवटी, "माझी पांढर राख रे म्हाराजा." मग थांबले. ते वाट बघत होते. मशीन सुरू करायचं होतं, मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी बटन दाबलं आणि म्हणाले, व्हय म्हाराजा. देवावर माझा विश्वास नाही, पण दुसरं कोण होतं तिथे?

बाहेर आले ते ताजेतवाने होऊन. चालही मला जरा सुटी वाटली, वाटली म्हणजे नसेलही. काकीला म्हणाले, बरा वाटला. चोपून घेतली. आधी मला कळेना, काय चोपलं? मग उलगडलं. गावी पाऊस सरला की घरापुढचं खळं नव्याने करतात. माती पसरायची, पाणी मारायचं आणि लाकडी चोपण्याने दिवसभर धोपटायची, धपधप धपधप, घट्ट होईपर्यंत. मग त्यावर शेण सारवायचं. एमआरआयचं ठोकणं ऐकून, खालची फळी हादरते ती अंगाला लागून, काकांना वाटलं की मशीन त्यांची भुसभुशीत झालेली पांढर चोपून घट्ट करतंय. मी हात जोडले. म्हटलं, काका, हा फोटो आहे. फोटो काढून कोणी बरं होतं का? मॅडमनीही परत समजावलं. ते मॅडमना 'हो हो' म्हणाले आणि जिन्यात मला म्हणाले, "तू मशीन चालव. चोपणा म्हणजे काय तां माका कळता." तेव्हा मी हसले होते.

त्यानंतर वर्षभर माणूस स्कॅनच्या जिवावर जगला. गोळी चुकली तर चालेल, चोपायची तारीख चुकता कामा नये. दुसऱ्या वर्षी मॅडमनी त्यांना चित्रं दाखवली. तारांचे जुडगे मशीन रंगात दाखवतं, आडवे जातात ते लाल, पुढून मागे जातात ते हिरवे, वरून खाली निळे. काका बराच वेळ बघत राहिले. मग साध्या काळ्या-करड्या चित्रात मॅडमनी काही ठिपके दाखवले. पांढऱ्या भागात आणखी पांढरे, चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे. मागल्या वर्षीपेक्षा वाढलेले होते, ते मला त्यांच्याआधी दिसले होते. काकांनी विचारायचं तेच विचारलं. मॅडम खोटं बोलल्या नाहीत, मी त्यांना मानते ते यासाठी. म्हणाल्या, "काका, हे ठिपके वयाने येतात, बीपीने येतात, या आजारातही दिसतात. पुष्कळ जणांची चित्रं एकत्र केली की थोडं काही कळतं. एकट्या माणसाचं पुढे काय होणार, ते मला यातून वाचता येत नाही." काका म्हणाले, म्हणजे माझा असून माका सांगणार नाय. मॅडमनी त्यांचा हात धरला. माझ्याकडे दोन वर्षांची चित्रं होती, त्यांच्या डोक्याच्या आतली एकेक वाट मी पडद्यावर फिरवून बघत होते, आणि एका माणसाच्या एका साध्या प्रश्नाला उत्तर त्यात कुठेही नव्हतं.

उत्तर मशीनने दिलंच नाही. ते काकांच्याच तोंडून मिळालं. तिसऱ्या वर्षी स्कॅनच्या आधी मॅडम नेहमीचे प्रश्न विचारायला बसल्या, प्राण्यांची नावं सांगा, उलटे आकडे मोजा. काका म्हैस म्हणाले, परत म्हैस म्हणाले आणि खिडकीकडे बघत बसले. आत मशीनमध्ये गाऱ्हाणं सुरू केलं. स्पीकरमधून तोच भरदार आवाज, "बा देवा म्हाराजा, ह्या पांढरीच्या..." आणि पुढचा शब्द येईना. राखणदार हा शब्द त्यांना सापडेना. परत पहिल्यापासून सुरुवात केली, परत तिथेच अडकले. मशीन ठोकायचं, थांबायचं, आणि ते परत पांढरीपर्यंत येऊन उभे राहायचे, जिन्याच्या पहिल्या पायरीवर राहायचे तसे. मी बटनावर बोट ठेवून बसले होते. मला शब्द येत होता. मी तो सांगितला. "राखणदारा," म्हटलं. मग बऱ्याच वेळाने, हळू, "व्हय म्हाराजा."

तो शेवटचा स्कॅन. संशोधनाची मुदत संपली, मॅडम परदेशी गेल्या. काकांना हे कसं समजवायचं? त्यांच्या लेखी औषध बंद झालं होतं. संध्याकाळी मी ड्यूटीवरून यायचे तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत खुर्चीवर तयार होऊन बसलेले असायचे, करदोटासुद्धा सोडून काकीच्या हातात दिलेला. आज? असं नुसतं मानेने विचारायचे. आज नाही काका, म्हणून मी दार उघडायचे. दुसऱ्या दिवशी तेच. "एकदाच चोपून घेवया गो," म्हणायचे, "भुसभुशीत झाली आसा." इतका खमक्या माणूस, असा आर्जव करताना बघवायचा नाही. कारण नसताना कोणाला मशीनमध्ये घालता येत नाही, बाहेर पेशंट ताटकळत असतात. हे सगळं खरं, आणि त्या खुर्चीपुढे त्या खरेपणाला कवडीची किंमत नव्हती. शेवटी मी मशीनच्या दाराबाहेर उभी राहून मोबाइलवर तो आवाज भरून आणला. त्यांना पलंगावर निजवलं, उशीखाली मोबाइल ठेवला. धपधप सुरू झालं. त्यांनी डोळे मिटले, चेहरा सैल झाला, मला वाटलं, चला... मग डोळे उघडून म्हणाले, "ह्यां खरां न्हय. जमीन हालणा नाय." मी मोबाइल काढून घेतला. इतकी हरल्यासारखी मी आयुष्यात कधी घरी परतले नव्हते, आणि घर तर भिंतीपलीकडेच होतं.

मग घर भरायला लागलं. काकांना खोलीत माणसं दिसायला लागली. गावची, कधीची गेलेली, कोपऱ्यात, पलंगाखाली, काकीच्या शिलाई मशीनवर बसलेली. ते घाबरायचे नाहीत, त्यांना सरकून जागा द्यायचे. काकीला चहा टाकायला सांगायचे. काकीने सुरुवातीला टाकलाही, जमिनीवर कप मांडले, मग तेच कप एकेक करून स्वतः प्यायली. डॉक्टरांनी गोळी बदलली, माणसं थोडी कमी झाली, काका आणखी गप्प झाले. शब्द एकेक करून गेले. काकीचं नाव गेलं. माझं 'बाय' गेलं. शेवटी दोनच उरले, ते सुद्धा मागणाऱ्याचे नव्हेत. ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांच्या वतीने मागितलं त्याच्याकडे फक्त होकार शिल्लक राहिला. जेवलात? व्हय म्हाराजा. दुखतंय का? व्हय म्हाराजा. नाही ना दुखत? व्हय म्हाराजा. चाळीतली लहान मुलं गंमत म्हणून दारात येऊन काहीबाही विचारायची, काका, तुम्ही माकड आहात ना? मी एकदोघांना धपाटे घातले. पण पंचाईत खरी ही होती की त्या माणसाला भूक आहे की नाही, पाठ दुखते की नाही, जगायचं आहे की नाही, हे कळायचा एकही मार्ग आमच्याकडे राहिला नव्हता.

शेवटच्या दिवसांत पाठीला जखमा झाल्या. पाणी दिलं की ठसका लागायचा. एका दुपारी काकीने मला बोलावलं. काकी कधी काही मागत नाही. म्हणाली, "त्यांच्यासाठी कोणी गाऱ्हाणा घालूकच नाय. तू घाल. तुका पाठ आसा, मशीनीत ऐकलंस." मी म्हटलं, काकी, बायका घालत नाहीत आणि माझा देवावर विश्वासही नाही. तिने नारळ माझ्या हातात दिला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले. काका छताकडे बघत होते. मी त्यांच्याच चालीत सुरू केलं. "बा देवा म्हाराजा... ह्या पांढरीच्या राखणदारा... हो तुझो जयराम. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मागत इलो, आज मी त्याच्यासाठी मागतंय." काकीने पदर तोंडाला लावला. तिला माहीत होतं मी काय मागणार ते, त्यासाठीच तिने बोलावलं होतं, आणि तिच्या तोंडून ते निघत नव्हतं. "लय दमलो आसा. पांढर ऱ्हवली नाय. हेका आता मोकळो कर रे म्हाराजा."

मी थांबले. होकार द्यायला काकी होती, पण काकीच्या तोंडून शब्द फुटेना. आणि पलंगावरून आवाज आला, बारीक, पण स्वच्छ, आणि बरोबर जागेवर. चाळ जी जागा चुकायची ती न चुकता. "व्हय म्हाराजा."

काकी खाली बसली. मी नारळ छातीशी धरून उभी. मला वाटलं, कळलं त्यांना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्या कोणी आपल्यासाठी घातलेलं मागणं ऐकलं आणि स्वतःच होकार भरला. माझ्या जिवाला केवढा आधार वाटला, काय सांगू... तेवढ्यात काकी डोळे पुसून, काहीतरी करायचं म्हणून उठली आणि सवयीने त्यांना विचारलं, चाय करू काय? आणि त्याच स्वरात, तसंच जागेवर, उत्तर आलं, "व्हय म्हाराजा."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गेले. चहा पीतच.

लोक म्हणतात सुटले. त्यांनी होकार दिला होता की नुसता सूर पकडला होता, हे मला कधीच कळणार नाही. मॅडमचा परदेशातून फोन आला होता, रडल्या. म्हणाल्या, काकांच्या चित्रांचा कामात फार उपयोग होतोय. म्हणजे काका सरासरीत गेले. कुठल्यातरी आलेखावरचा एक ठिपका, नाव नसलेला. तो असो बापडा, पुढच्या कोणाला उपयोग होवो. आमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडेही नाही.

मी कामावर जाते. काचेच्या अलीकडे बसते. मशीन एक चित्र काढून थांबलं की बटन दाबून विचारते, बरं आहे ना? आतून कोणी हो म्हणतं, कोणी ओके, कोणी ठीक है. स्पीकर सगळ्यांचा आवाज मोठा करून देतो. ते बोलून झालं तरी मी जरा जास्तच वेळ बटन दाबून ठेवते, पेशंटला वाटतं मशीन बिघडलं. मग बोट उचलते आणि पुढचं चोपणं सुरू करते.